पाच सुरांची काढती

सुलीबद्दल कोणी विचारलं की मी आधी चुडामणला चार शिव्या घालतो आणि मग सुलीचं सांगतो. तोंड कडू झाल्याशिवाय ही गोष्ट माझ्याच्याने सांगवत नाही. इथे शिव्या घालणार नाही, लिहून ठेवायचं आहे म्हणून. पण त्या घातल्या आहेत असं समजून पुढे वाचा.

मी धनसिंग. अमळनेरच्या तोताराम मास्तरांच्या बॅण्डमध्ये एकतीस वर्षं झाली ढोल वाजवतो. लग्न, हळद, देवाची मिरवणूक, निवडणुकीत कोणी निवडून आलं तर तेही. सुली म्हणजे सुलक्षणा, मास्तरांची एकुलती एक पोर. बारावीला आहे. ट्रंपेट वाजवते, आणि अशी वाजवते की आमच्यातले मोठमोठे मिशाळ वाजवणारे तिच्यासमोर पाणी प्यायला उठतात.

तिने ट्रंपेट हातात घेतलं तेच मुळात मास्तरांचे दात गेले म्हणून. आठ वर्षांपूर्वी पारोळ्याहून येताना टेम्पोतून पडले, समोरचे चार दात गेले. बसवले नवे, पण ट्रंपेटवाल्याचा ओठ खऱ्या दातांवरच टेकतो. फुंकलं की नुसती हवा. मास्तर तेव्हापासून हाताने आणि डोळ्यांनी बॅण्ड चालवतात. दहा वर्षांची सुली तेव्हा एक दिवस पेटी उघडून बसली आणि म्हणाली, "आबा, तुम्ही गाऊन दाखवा, मी वाजवते." कापसाच्या जिनिंगच्या मागच्या पडीक जागेत रोज पहाटे तिचा भोंगा सुरू. लोक म्हणाले, पोरीच्या जातीला हे शोभतं का. मास्तर कोणाला काही बोलले नाहीत. मी बोललो. काय बोललो ते इथे नको.

आता चुडामण. तीसएक वर्षांपूर्वी हा पंधरा-सोळा वर्षांचा असताना मास्तरांच्या ओट्यावर शिकायला येत असे. दोन वर्षं आला. येताना तोंडाला रुमाल बांधायचा, म्हणे धूळ लागते. भर पावसाळ्यात कसली धूळ आली? बाजेवाल्यांच्या गल्लीत कोणी बघू नये म्हणून रुमाल. मास्तर त्याला चुड्या म्हणायचे. ताईबाई वहिनी, सुलीची आई, आता ती नाही, तिने त्याला ओट्यावर बसवून कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर खाऊ घातली आहे, वरून ठेचा, आणि हा तिखट लागलं की डोळे पुसत हसायचा. मास्तरांनी एक छदाम घेतला नाही. फक्त एकच म्हणायचे, "चुड्या, एक लगन कर मनासंगे, मंग बठ्ठं दिसू." माझ्यासोबत एक लग्न वाजव, मग सगळं देतो.

हे 'सगळं' म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सारं त्यावरच आहे. मास्तरांनी स्वतःच्या बहिणीच्या पाठवणीला एक धून बसवली होती. तिला आम्ही बहिणीची धून म्हणतो. नवरी गाडीत बसते तेव्हा वाजवायची, एरवी नाही. तिच्या शेवटी एक छोटा तुकडा आहे, आमच्या बोलीत त्याला शेपूट म्हणतात. तो आला की ढोल थांबतो आणि एकटं ट्रंपेट उरतं. आमच्या धंद्यात रीत अशी की उस्ताद शेपूट ओट्यावर शिकवत नाही. चेल्याने पहिलं लग्न रस्त्यावर चालून वाजवलं, उन्हात भाजला, लोकांच्या पायाकडे बघत ठेका धरला, की मग तिथेच, पाठवणीच्या वेळी, उस्ताद त्याला शेपूट देतो. चुडामण एकाही लग्नात चालला नाही. लाज वाटायची. म्हणून त्याला धून मिळाली, शेपूट मिळालं नाही.

सुलीला मिळालं. गेल्या मे महिन्यात, अमळनेरातच. लाल कोट तिला एवढा मोठा की बाह्या दोनदा दुमडल्या होत्या, डोक्यावर तुऱ्याची टोपी. बायका बघतच राहिल्या, मुलगी आहे गं ती. नवरी गाडीपाशी आली, मास्तर पोरीच्या कानाशी वाकले, हळूच गाऊन दाखवलं, आणि तिने वाजवलं. मी ढोलावरून हात उचलला. आठ वर्षांनी ते शेपूट ऐकलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातली, तीही आताच सांगून ठेवतो. पाच सुरांचा एक तुकडा असतो, त्याला काढती म्हणतात. यजमान खोटा निघाला, अपमान केला, अंगावर हात टाकला, की बाजेवाल्याने भांडायचं नाही. मास्तर काढती वाजवतो. त्या पाच सुरांचा अर्थ एकच, यजमान खोटा, चला. ती वाजली की सगळ्यांनी बाजे खाली करायचे, तोंड जमिनीकडे, आणि निघायचं. खान्देशातल्या प्रत्येक बॅण्डवाल्याला ती पाठ आहे. जामनेरला एकदा नवरदेवाच्या काकाने आमच्या झांजवाल्याच्या थोबाडीत मारली होती. मास्तरांनी काढती वाजवली आणि आम्ही एकोणीस जण न बोलता निघालो. नवरदेव घोड्यावर तसाच, भर उन्हात. लग्नघरी पाहुण्यांना काही कळत नाही, त्यांना वाटतं धून संपली. काढती रस्त्यावर चालणाऱ्यालाच कळते.

तर गेल्या डिसेंबरातली गोष्ट. जळगावला एका संस्थेने तीन दिवसांचं शिबिर ठेवलं, शुक्रवार ते रविवार. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाळा-कॉलेजांच्या बॅण्डमधून चाचणी घेऊन साठ मुलं निवडली. त्यांना बसवायला दोन पाहुणे, पुण्याचे एक निवृत्त लष्करी बॅण्डमास्तर आणि गोव्याच्या रेबेलो मॅडम. रविवारी संध्याकाळी सभागृहात कार्यक्रम. त्या साठांत सुली. धुळ्याच्या, धरणगावच्या, चोपड्याच्या बाजेवाल्यांचीही पोरं होती, सुली सोडून आमच्यातली सगळी मिळून सतरा. आणि शिबिराचा स्थानिक प्रमुख कोण, तर चुडामण सर. आता मोठ्या शाळेत बॅण्डशिक्षक, कोट, टाय, चष्म्याला दोरी.

शुक्रवारी सकाळी मास्तर आणि मी सुलीला सोडायला गेलो. मास्तरांनी धुतलेला सदरा घातला होता. चेला एवढा मोठा झाला, भेट होईल, म्हणून सोबत डब्यात कळण्याची भाकर. मला तेव्हाच म्हणावंसं वाटलं होतं की राहू द्या. गेटवर पहारेकऱ्याने विचारलं कोण तुम्ही. मास्तर म्हणाले, मुलीचे वडील, अमळनेरला बॅण्ड आहे आमचा. तेवढ्यात चुडामण आतून आला. मास्तरांचा चेहरा उजळला, "चुड्या" म्हणायला तोंड उघडलं. हा माणूस त्यांच्याकडे बघून पहारेकऱ्याला म्हणाला, "बारातवाल्यांना आत सोडू नका. मुलांवर भलते संस्कार नकोत." आणि मास्तरांना, "अहो, तुम्ही बाहेरच थांबा. मुलगी जाईल एकटी." जणू जन्मात पाहिलं नाही.

मी पुढे झालो होतो. मास्तरांनी माझा हात धरला. सुलीने सगळं ऐकलं. तिने डबा वडिलांच्या हातातून घेतला, पेटी उचलली आणि आत गेली. तिचे ओठ घट्ट मिटले होते. ट्रंपेट लावायच्या आधी मिटतात तसे.

आत गेल्यावर प्रत्येकाच्या हातात कार्यक्रमाचं छापील पत्रक आलं. शेवटचा नंबर, 'खान्देशी पाठवणी. मूळ रचना व संयोजन, चुडामण सर.' त्या नंबराचा कागद वाजवायला घेतला आणि तिसऱ्या ओळीवर सुलीला कळलं, ही बहिणीची धून आहे. आमच्या मास्तरांची. कार्यक्रमाचं चित्रीकरण होणार होतं, पुढच्या वर्षापासून ती सगळ्या शाळांत शिकवायची असं ठरलं होतं. म्हणजे रविवारी संध्याकाळनंतर ती धून कायमची चुडामणची. मास्तरांकडे स्वतःचं घर नाही, शेत नाही, दातही खरे नाहीत. एक धून आहे, तीही गेली असती. तोताराम नावाच्या माणसाने काही केलं होतं हे सांगायला जगात काही उरलं नसतं.

दुपारी तिने मला फोन केला. मी म्हणालो, आत्ता येतो आणि त्याचा टाय ढोलाला बांधतो. ती म्हणाली, "नाही, नाना. थांबा. आबांना सांगू नका."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. रेबेलो मॅडमनी शनिवारी नाक दाबलं, तेही नकळत. बाई कडक. धून दोनदा वाजवून घेतली आणि काठी खाली ठेवली. म्हणाल्या, "सर, फार सुंदर आहे. पण ही संपत नाही. अर्ध्यातच थांबते. शेवट कुठे आहे?" चुडामण म्हणाला, शेवट असाच आहे. मॅडम म्हणाल्या, "ज्याने हे आधीचं लिहिलं तो असा शेवट करणार नाही. तुम्हीच लिहिलंय ना? मग लिहा." त्याने तासाभराने एक शेवट आणला. मॅडमनी ऐकून मान हलवली. दुसरा आणला, तोही नको. साठ मुलं बघत होती. सुली तिसऱ्या रांगेत ट्रंपेट मांडीवर ठेवून बसली होती. शेपूट तिच्या ओठांवर होतं आणि तिने ओठ उघडले नाहीत. मला नंतर म्हणाली, "नाना, त्या वेळी इतकं बरं वाटत होतं ना, की मला माझीच भीती वाटली."

जेवणाच्या सुटीत चुडामण तिला व्हरांड्यात गाठून बोलला. आवाज एकदम गोड. "बेटा, मास्तर कसे आहेत? मला गर्दीत ओळखता आलं नाही गं. तुला पुढचं माहीत असेलच. सांग. शेवट तुझ्या एकटीच्या ट्रंपेटवर ठेवतो, मॅडमना मी सांगतो."

सुली म्हणाली, "पत्रकावर आबांचं नाव येईल?"

"पत्रक छापून झालं आता."

"मग तोंडी सांगा. माइकवर. धून तोताराम मास्तरांची आहे, एवढंच."

तो हसला. म्हणाला, "अगं, असल्या ठिकाणी बारातीतली धून म्हटली तर लोक काय म्हणतील? तुझ्याच भल्याचं सांगतो. तुलाही पुढे जायचंय ना?"

सुली म्हणते, ती तेव्हा बराच वेळ त्याच्या चष्म्याच्या दोरीकडे बघत राहिली. तिने त्याला दोन वेळा संधी दिली होती. तिसऱ्यांदा दिली नाही. "बरं सर. घ्या लिहून," म्हणाली आणि गाऊन दाखवली. शेपूट नाही. काढती.

पाच सूर. याने कागद काढून लिहून घेतले, वर म्हणतो कसा, "हां, हेच. आठवलं मला." आठवलं म्हणे. एक लग्न चालला असता तर खरंच आठवलं असतं. ज्या रस्त्याची लाज वाटली त्याच रस्त्याने त्याचं नाक कापायचं ठेवलं होतं.

संध्याकाळी पाच वाजता पुन्हा फोन. "नाना, उद्या किती जण येताय?"

"पाच-सहा जण येऊ."

"पाच-सहा नको. उद्या लग्नाची तिथी नाहीये, सगळे मोकळे असतील. धुळे, पारोळा, धरणगाव, सगळ्यांना सांगा. गणवेश नको. मागच्या रांगांत बसा." मग तिने काय केलं ते सांगितलं. मी एवढा हसलो की शेजारचा बघायला आला, म्हाताऱ्याला काय झालं. हसलो आणि मग अंगावर काटा आला. सतरा वर्षांची पोर, थंड डोक्याने बसून एवढं केलं तिने.

रविवारी सकाळच्या तालमीत काढती वाजली तेव्हा आमच्यातल्या सतरा पोरांनी एकदम सुलीकडे पाहिलं. तिने नुसते डोळे मोठे केले. दिवसभर एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. बाजेवाल्यांची पोरं, मास्तरच्या डोळ्यांवर चालायची सवय. रेबेलो मॅडमना शेवट थोडा कोरडा वाटला, पण म्हणाल्या, चालेल, निदान ठाम आहे.

संध्याकाळी आम्ही त्रेचाळीस जण सभागृहात शिरलो, साध्या शर्टांत, केस चोपून. मास्तर आले होते, पण गेटपाशी थांबले. म्हणाले, "जठे अडावं, तठे बलावाशिवाय जात नही मी." जिथे अडवलं, तिथे बोलावल्याशिवाय जात नाही. बाहेरच्या कट्ट्यावर बसले. बाहेर लाउडस्पीकरचे कर्णे लावले होते, ऐकू येणार होतं. शेवट काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटच्या नंबराला चुडामण माइकवर आला. मातीचा गंध, माझी छोटीशी निर्मिती, असं काहीतरी पाच मिनिटं बोलला. माझ्या शेजारी धुळ्याचा निंबा क्लॅरिनेटवाला बसला होता, त्याच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. मग मॅडमनी हात उचलले आणि बहिणीची धून सुरू झाली. साठ वाद्यांवर मी ती कधी ऐकली नव्हती. सांगतो, राग विसरलो मी थोडा वेळ. मास्तर बाहेर कट्ट्यावर बसून हे ऐकत असतील असं मनात आलं आणि राग दुप्पट होऊन परत आला.

शेवट आला. सुली उभी राहिली. पाच सूर, स्वच्छ, एकेक सुटा. यजमान खोटा, चला.

सतरा पोरांनी वाद्यं खाली केली, तोंड जमिनीकडे, आणि उभी राहिली. मागच्या तीन रांगांत आम्ही त्रेचाळीस जण उठलो आणि दरवाजाकडे तोंड केलं. टाळी नाही, काही नाही. पुढचे पाहुणे माना वळवून बघू लागले. लोकांतही जाणते होते, कोणाचा मामा झांजवाला, कोणाचा शेजारी ताशेवाला. कुजबूज पुढे पुढे सरकत गेली, काढती वाजवली, काढती. पहिल्या रांगेपर्यंत गेली तेव्हा चुडामणने ती ऐकली. तो मागे वळला, तसा मी मान वळवून त्याचा चेहरा पाहिला. एकतीस वर्षांत मी पुष्कळ नवरदेव घोड्यावर पाहिले, पण जामनेरचा तो उन्हातला नवरदेव आणि हा, दोघांचं तोंड सारखं.

मॅडम म्हणाल्या, "काय झालं? मुलं का उभी आहेत?"

सुली माइकपाशी गेली. "मॅडम, याला काढती म्हणतात. यजमान खोटा असला की बॅण्डवाले ही वाजवून निघून जातात. सरांनी शेवट म्हणून हीच लिहून दिली. ज्याची धून असते त्याला काढती आणि शेवट यातला फरक कळतो."

मॅडम चुडामणकडे वळल्या. "सर, धून कोणाची आहे?"

तो टायशी चाळा करत राहिला. कोणी त्याच्या मदतीला आलं नाही. सुली म्हणाली, "खरा शेवट मला येतो. सरांनी नाव घेतलं की वाजवते."

शेवटी तो पुटपुटला, "तोताराम मास्तर."

"मागे ऐकू गेलं नाही," सुली म्हणाली.

तो माइकपाशी आला. "धून तोताराम मास्तरांची आहे."

"तुम्हाला कोणी शिकवली?" सुलीनेच पुढे विचारलं.

"त्यांनीच. त्यांच्या ओट्यावर."

मग तिने शेपूट वाजवलं. आम्ही त्रेचाळीस जण दरवाजाकडून वळलो आणि माना खाली घालून ऐकलं. टाळ्या किती पडल्या ते विचारू नका. मला आनंद झाला, खोटं का बोलू. त्याच्या तोंडातून ते नाव ओढून काढलं, दात उपटतात तसं. मास्तरांच्या चार दातांच्या बदल्यात मला ते पुरलं.

रेबेलो मॅडम मात्र खाली उतरताना सुलीला म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. पण साठ मुलांचा शेवट तू तुझ्या कामासाठी वापरलास." सुली म्हणाली, "हो मॅडम." बाकी सफाई दिली नाही. ती आजही देत नाही.

मी आधी बाहेर पळालो. गेटबाहेरचा चहावाला सांगत होता, काढती ऐकली तसे मास्तर झटकन कट्ट्यावरून उठले आणि रिकामे हात खाली करून उभे राहिले, सवयीने. मग त्यांचं नाव कर्ण्यातून आलं. मग शेपूट. मी पोचलो तेव्हा ते पुन्हा बसले होते, पाय खाली सोडून. सुली आली. तिला म्हणाले, "शेपटात घाई करी तू." एवढंच. पण तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

तेवढ्यात गेटमधून चुडामण आला. एकटा. चष्मा हातात. पाचपन्नास लोक बघत होते, तरी आला, हे मला कबूल केलं पाहिजे. तो मास्तरांसमोर वाकला. दोन्ही हात पायांकडे गेले.

मास्तरांनी पाय वर ओढून घेतले. कट्ट्यावर मांडी घातली आणि पावलं धोतराखाली झाकली. चुडामणचे हात तसेच अधांतरी. उस्तादाने पाय काढून घेणं म्हणजे आमच्यात चेल्याला तोडणं, हे त्याला सांगावं लागलं नाही, तेवढं ओट्यावर शिकला होता. मास्तर अगदी सौम्यपणे म्हणाले, "सर, तुम्ही कशाला वाकता? आम्ही बाहेरचे. तुम्ही आत जा." चुड्या म्हणाले असते तर तो तिथेच रडला असता. ते सर म्हणाले, तुम्ही म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

परतताना टेम्पोत पोरं गात होती. मास्तर माझ्या शेजारी गप्प. मी म्हणालो, मास्तर, आज तर खूश असायला हवं, चांगली जिरवली त्याची. त्यांनी पलीकडे बघितलं, सुली पेटीवर डोकं टेकून झोपली होती. मग हळूच म्हणाले, "पायले हात लागी जाता ते माफ करनं पडतं, धना. म्हनीसन पाय काढी लिधा." पायाला हात लागला असता तर माफ करावं लागलं असतं, म्हणून पाय काढून घेतला.

सुलीने नेलेला डबा तिच्या पिशवीत तसाच होता. कळण्याची भाकर तीन दिवसांत वाळून कडक झाली होती. मास्तरांनी ती मोडली, अर्धी मला दिली, आणि आम्ही अमळनेर येईपर्यंत ती चावत बसलो. बसवलेल्या चार दातांनी त्यांना वेळ लागत होता.